पहिली परसबाग: सात भेंड्या, एक आजी आणि गच्चीवरचा वरणा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर कानात हेडफोन घाला.)

  जेवलात का? आम्ही कोल्हापूरचे, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितलेला आहे. घरच्या घरी भाजी लावायची आहे, पहिल्यांदाच, तर सुरुवात कुठून करू? मी काही कृषी पदवीधर नाही. ऑफिसात बसून एक्सेल शीट भरणारी मुलगी आहे. पण गेल्या काही वर्षांत आमच्या टेरेसवर जे फसलं आणि जे जमलं, ते सगळं आज सांगणार आहे. फसलेलं आधी सांगते, कारण शिकायला तेच जास्त कामाला आलं.

जून 2022. आम्ही भाड्याच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर राहतो, वर टेरेस. मी मोबाईलवर दोन आठवडे व्हिडिओ बघितले आणि ऑनलाईन ऑर्डर टाकली. ग्रो बॅग, कोकोपीट, रंगीत झारी, हातमोजे आणि बियांची पंचवीस पाकिटं. त्यात ब्रोकोली होती, चेरी टोमॅटो होता, स्ट्रॉबेरीसुद्धा होती! कोल्हापूरच्या जूनमध्ये स्ट्रॉबेरी! एकूण खर्च चार हजार दोनशे रुपये.

आणि पीक किती आलं? सात भेंड्या.

हसू नका. चार हजार दोनशे भागिले सात, म्हणजे एक भेंडी सहाशे रुपयांना पडली. भावानं तर त्या ताटात वाढताना मोजून वाढल्या.

आता असं का झालं, ते सांगते. पहिली गोष्ट, मी ग्रो बॅगा नुसत्या कोकोपीटनं भरल्या होत्या. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो पाणी धरून ठेवतो, पण त्यात झाडाला खायला जवळपास काहीच नसतं. दुसरी गोष्ट, आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस कसा असतो तुम्हाला माहितीच आहे. बॅगेत पाणी साचून राहिलं, मुळं कुजली. तिसरी गोष्ट, ज्या भाज्यांना थंडी लागते त्या मी पावसाळ्यात पेरल्या. आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली: घरात जिला सगळं येत होतं, तिला मी एकदाही विचारलं नव्हतं.

ती म्हणजे माझी आजी.

आजीचं परसू

आजी प्रयाग चिखलीची. कोल्हापूरच्या मंडळींना गाव माहिती असेल. बाहेरच्यांसाठी सांगते, शहराजवळ पंचगंगेच्या काठावरचं गाव आहे. आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट?" 39 फूट म्हणजे इशारा पातळी, 43 फूट म्हणजे धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. चिखली-आंबेवाडीतून लोकांना बोटीनं बाहेर काढलं, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. त्या बोटींपैकी एकीत आजी होती.

घराच्या मागं तिचं परसू होतं. फार मोठं नव्हतं, दोन-अडीच गुंठे असेल. मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं अळू आणि एक केळ. कुंपणाला शेवगा. मांडवावर दोडका आणि वरणा. कडेला मिरची, वांगी, कढीपत्ता, गवती चहा. मधल्या मोकळ्या जागेत जसा हंगाम तसं शेपू, पोकळा, मेथी, कोथिंबीर. लहानपणी सुट्टीत गेलो की आजी म्हणायची, "जा, आमटीला चार शेंगा काढून आण." म्हणजे भाजी आणायला दुकानात नाही, मागच्या दारानं जायचं.

2019 ला मागची भिंत पडली. ती परत बांधली. 2021 च्या जुलैत परत पाणी आलं. मग पप्पा म्हणाले, आता बस्स, आई आमच्याकडेच राहणार. आणि आजी शहरात आली.

ती आली आणि गप्प झाली. भांडण नाही, तक्रार नाही. खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायची. जेवण कमी झालं. आम्ही डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या केल्या, वयाच्या मानानं सगळं ठीक होतं. आई कपिलतीर्थ मार्केटमधून ताजी मेथी आणायची, तर आजी चार घास खाऊन म्हणायची, "ग्वाड लागंना गं." आम्हाला वाटायचं, वय झालंय.

आणि मी त्याच घरात, तिच्या डोक्यावरच्या गच्चीत, व्हिडिओ बघून भेंडी लावत होते. तिला का विचारलं नाही? कारण तिचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, तिला आराम पाहिजे, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तिला न विचारता.

घट बसले आणि गाडं फिरलं

26 सप्टेंबर 2022, घटस्थापना. कोल्हापुरात नवरात्र म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, अंबाबाईचं गाव आहे. घटासाठी माती पाहिजे होती. मी म्हटलं, वर बॅगा पडल्यात, त्यातलीच आणते. आजीनं ती चिमटीत घेतली, चोळली, वास घेतला.

"काय गं ह्ये? माती हाय का भुस्सा?"

"कोकोपीट आहे आजी."

"ह्यात जीव न्हाई. जा, शेतातली काळी आण कुणाकडनं तरी."

भावानं मित्राच्या रानातून बुट्टीभर काळी माती आणली. आजीनं घट बसवला. आणि मंडळी, तेव्हा मला कळलं की पेरणीचा पहिला धडा आपण दरवर्षी देवघरात बघतो, फक्त तो धडा आहे हे आपल्याला कळत नाही. बघा ना. माती बारीक करून पसरायची. धान्य पेरायचं, फार खोल नाही. रोज थोडं पाणी, चिखल होईल इतकं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसतात आणि नवव्या दिवसापर्यंत वीतभर उंच होतात.

मी आजीला विचारलं, "हे कोंब असे पिवळे का असतात?"

ती म्हणाली, "ऊन न्हाई त्यास्नी. उजेड हुडकत उंच पळत्यात. पिवळं आन् उंच दिसलं की समजायचं, उपाशी हाय."

हेच वाक्य मी नंतर एका पुस्तकात शास्त्राच्या भाषेत वाचलं. आजीनं ते देवघरात बसून सांगितलं होतं.

दसऱ्याला मी तिला म्हटलं, "आजी, मला शिकवतेस का?" ती एवढंच म्हणाली, "मला वर कसं न्हेणार?"

तर आम्ही काय केलं, ऐका. व्हिडिओ कॉल! आईचा मोबाईल आजीच्या हातात, मी टेरेसवर. "क्यामेरा खाली घे. आणखी खाली. पानाच्या मागनं दाव. मागनं गं, फुडनं काय बघायचं, रोग मागं बसतोय." रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी पंधरा मिनिटं हा आमचा कार्यक्रम. आठवड्यातून एकदा भाऊ आणि पप्पा तिला हात धरून सावकाश वर आणायचे. पुढे पुढे ती स्वतःच म्हणायला लागली, "आज मी जाते, तुम्ही फकस्त मागं या."

आता कामाचं बोलू

तर आजीच्या शाळेत मी जे शिकले ते सांगते. मोबाईलवर लिहून घेतलंत तरी चालेल.

एक. ऊन मोजा. भांडी आणायच्या आधी एका सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी जागेचा फोटो काढा, म्हणजे ऊन कुठं आणि किती वेळ पडतंय ते दिसेल. मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी, वेल यांना निदान सहा तास ऊन पाहिजे. पालेभाजी चार तासांवर भागवते. गॅलरीत दोनच तास ऊन येत असेल तर टोमॅटोच्या नादाला लागू नका. पुदिना लावा, अळू लावा.

दोन. वजनाचा विचार करा. वीस लिटरची रंगाची बादली नुसत्या मातीनं भरून पाणी घातलं तर तीस किलोच्या वर जाते. म्हणून भांडी स्लॅबच्या मधोमध नको, कडेला भिंतीलगत ठेवा, आणि शक्यतो खाली बीम आहे तिथं. जुनी इमारत असेल तर जाणकाराला आधी दाखवा.

तीन. भांडं महाग नको. रंगाच्या रिकाम्या बादल्या स्वच्छ धुऊन घ्या, भाजीचे फुटके क्रेट घ्या, जाड पोती घ्या. मी रंगाच्या वीस बादल्या चाळीस रुपयाला एक अशा घेतल्या, म्हणजे आठशे रुपये झाले. तळाला बोटाच्या जाडीची पाच-सहा भोकं पाडायची. पालेभाजीला वीतभर खोली पुरते, वांगी-टोमॅटोला फूटभर तरी पाहिजे.

चार. माती. एक घमेलं माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं हलकं काहीतरी, म्हणजे कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा. "कुजलेलं" हा शब्द लक्षात ठेवा, कारण मी तिथंच दुसऱ्यांदा फसले. ते पुढे सांगते.

पाच. पाणी. घड्याळ बघून घालू नका. बोटाचं एक पेर मातीत घाला. आत ओल लागली तर आज पाणी नको. पहिल्या वर्षी आपली झाडं तहानेनं कमी मरतात, आपल्या प्रेमानं बुडून जास्त मरतात.

सहा. पहिल्यांदा सहाच भांडी लावा. पंचवीस पाकिटं नकोत! दोन बादल्या मेथी, एक कोथिंबीर, एक पालक किंवा पोकळा, एक मिरची आणि एखादा वेल. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात ताटात येते. पहिल्या वर्षी मन टिकवायला ती लागतेच. धणे आख्खे टाकू नका. लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त लागतात, तोवर उकरून बघू नका. मी बघायचे. आजी फोनवर ओरडायची.

सात. हंगाम बघा. कोल्हापुरात पहिल्यांदा सुरुवात करायला सगळ्यात सोपा काळ म्हणजे दसरा ते दिवाळी. पाऊस ओसरलेला असतो, थंडी येत असते. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, वाटाणा हे सगळं तेव्हा खुश असतं. उन्हाळ्यासाठी भेंडी, गवारी, चवळी, माठ. पावसाच्या तोंडावर दोडका, कारली, काकडी, वांगी, मिरची. जुलैच्या धो-धो पावसात उघड्यावर पालेभाजी पेरणं म्हणजे पैसे पाण्यात.

आठ. कीड. मावा आला तर आधी पाण्याचा जोरात फवारा मारून तो पाडा. राहिला तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, चांगलं हलवून संध्याकाळी फवारा. उन्हात मारलं तर पानं भाजतात. अळ्या हातानं वेचा. आणि दुकानातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. हात धुवा, लहान पोरांपासून लांब ठेवा, आणि ते बी खायला कधीच वापरू नका.

गारगोटीचे गणिताचे सर

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या जिल्ह्यातली आहे आणि आपल्या वयाच्या फार कमी लोकांना माहिती आहे.

आज जगभर "अर्बन फार्मिंग" म्हणून जे चाललंय, त्यातल्या भारतातल्या एका महत्त्वाच्या धाग्याचं टोक आपल्याकडे आहे. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. शेतीचे नाही, गणिताचे! त्यांनी "प्रयोग परिवार" उभा केला. कल्पना साधी होती. शेतकरी असो की घरातली बाई, प्रत्येकानं आपल्या जागेत छोटा प्रयोग करायचा, मोजायचं, लिहायचं आणि दुसऱ्याला सांगायचं. ज्ञान वरून खाली येणार नाही, ते एकमेकांकडून येईल. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या यशात या परिवाराचा वाटा मानला जातो.

दाभोळकर सरांचं म्हणणं असं, की झाडाची खरी कमाई उन्हातून होते. तुमच्या अंगणात रोज फुकट ऊन पडतंय. ते पानावर पडलं तर अन्न होतं, नुसत्या फरशीवर पडलं तर फरशी तापते. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन नीट वापरली तर पुरते, असा हिशेब ते मांडायचे. त्यांचं मराठी पुस्तक आहे "विपुलाच सृष्टी", आणि इंग्रजीत "प्लेंटी फॉर ऑल".

त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी बांद्र्याच्या गच्चीवर पोती आणि पिंपांमध्ये भाजी-फळं घेतली, आणि मातीच्या जागी मुख्यतः वापरलं काय? उसाचं चिपाड! रसवंतीवाला जे फेकून देतो ते. पुढे प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर, कँटीनमधल्याच ओल्या कचऱ्यातून बाग फुलवली.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, चिपाड म्हणजे कोल्हापूर! आपल्याकडे रसाच्या गाड्या किती, गुऱ्हाळं किती! गेले, दोन पोती चिपाड आणलं, तोडलं आणि थेट मातीत मिसळून बादल्या भरल्या. आजी फोनवर म्हणत होती, "आदी कुजू दे त्येला." मी म्हटलं, आजी, मुंबईत करतात असं.

तीन आठवड्यांत मेथी पिवळी पडली. पालक तिथंच थांबला. कारण असं आहे: ताजं चिपाड कुजवताना त्यातले जीवजंतू मातीतला नत्र स्वतःच वापरून टाकतात, झाडाला उरत नाही. म्हणून ते आधी कुजवायचं असतं. मी पुस्तकातला अर्धाच भाग वाचला होता.

मग आजीच्या देखरेखीखाली नीट केलं. दाभोळकर सरांच्या पद्धतीतलं "अमृतजल" आहे, ते बनवलं. दहा लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ. सावलीत तीन दिवस ठेवायचं, दिवसातून दोन-तीनदा काठीनं ढवळायचं. मग एक भाग अमृतजल आणि दहा भाग पाणी. त्यात चिपाड आणि वाळलेला पाला चोवीस तास भिजवायचा, थोड्या मातीबरोबर थर लावून ढीग करायचा, ओल टिकवायची, अधूनमधून हलवायचं. हा ढीग मात्र टेरेसवर नको. आम्ही तो खाली मोकळ्या जागेत लावला. दोन-अडीच महिन्यांनी ते काळं, भुसभुशीत झालं आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास यायला लागला. मी मूठभर वर नेऊन आजीला दाखवलं. तिनं चोळलं, वास घेतला आणि म्हणाली, "हां. आता जीव आला."

मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

मालकांचा प्रश्न

सगळं गोड गोड सांगणार नाही. एकदा भाडं घ्यायला घरमालक आले आणि त्यांना आमच्या खोलीच्या छताला ओल दिसली. सरळ म्हणाले, "वरचं सगळं काढा." खरं सांगू? मला राग आला होता. पण त्यांचं चुकलं नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात माझ्या बॅगा थेट फरशीवर होत्या, खालचं पाणी वाळत नव्हतं आणि कोकोपीट वाहून पाणी जायच्या पाईपची जाळी तुंबली होती.

पप्पांनी त्यांच्याशी बसून बोलणं केलं. वीसच्या वर भांडी नाहीत. प्रत्येक भांडं विटांवर, म्हणजे खालून हवा खेळेल आणि झाडता येईल. जाळी दर रविवारी साफ. पावसाळ्याआधी फटी भरून घ्यायच्या, खर्च निम्मा-निम्मा. ते तयार झाले. तुम्हीही भाड्यानं राहत असाल किंवा सोसायटीत असाल, तर आधी बोला, मग बादल्या चढवा.

वरणा

आता शेवटची गोष्ट. खरं म्हणजे या भागात मला हीच सांगायची होती.

आजी सगळं शिकवायची, पण एका गोष्टीवर गप्प व्हायची. वरण्याचं बी. वरणा म्हणजे वालाच्या घराण्यातला वेल. तिच्या सासूनं दिलेलं ते बी होतं, दरवर्षी शेंगा वाळवून, राखेत घालून, मडक्यात ठेवायची. 2019 च्या पुरात मडक्यासकट गेलं. "सासूबाईंनी इस्वासानं दिलं हुतं," एवढंच म्हणायची. आम्हाला वाटायचं ती घरासाठी, परसूसाठी गप्प बसते. ती या मूठभर बियांसाठी गप्प होती. आपण सांभाळू शकलो नाही, असं तिच्या मनात होतं.

जानेवारी 2023 मध्ये गारगोटीकडची तिची मावसबहीण तिला भेटायला आली. बोलता बोलता ती म्हणाली, "तू दिलेला वरणा अजून हाय की माझ्या कुंपनाला." आजीनं तिला पंधरा-वीस वर्षांपूर्वी मूठभर बी दिलं होतं, आणि स्वतःच विसरून गेली होती.

पुढच्या आठवड्यात एसटीनं एक छोटी पुरचुंडी आली. आजीनं ती उघडली, बिया तळहातावर घेतल्या आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ठेवल्यालं गेलं गं. दिल्यालं राहिलं."

मी म्हटलं, लगेच लावू! ती म्हणाली, "न्हाई. मिरगाला." त्या वर्षी मृग कोरडा गेला, पाऊस जूनच्या शेवटी आला, तेव्हा पेरला. वेल इतका माजला की टेरेसच्या दोरीवर कपडे वाळत घालायला जागा नाही. पण फूल नाही! ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, नुसता पाला. मी उपटायला निघाले होते. आजी म्हणाली, "दिवस ल्हान हू देत." आणि खरंच, या जुन्या वेलांचं तसंच असतं, दिवस लहान झाले की त्यांना फुलायची वेळ कळते. दिवाळीच्या सुमारास जांभळे तुरे आले. डिसेंबरात शेंगा.

त्या दिवशी आजीनं आमटी स्वतः केली. ओट्याशी स्टूल घेऊन बसली आणि आईला हात लावू दिला नाही. जेवताना तिनं दुसरी भाकरी मागितली. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. कुणी काही बोललं नाही.

हिशेब विचाराल तर खरा सांगते. आमच्या पाच जणांची सगळी भाजी टेरेसवर होत नाही. चांगल्या हंगामात आठवड्यातून दोनदा पालेभाजी, मिरची-कोथिंबीर-कढीपत्ता जवळपास घरचा, आणि थंडीत शेंगा. उन्हाळ्यात निम्म्या बादल्या रिकाम्या असतात. कपिलतीर्थला आई अजूनही जाते. "भाजीचा खर्च शून्य" असं कुणी व्हिडिओत सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण घरात आता सकाळी एकमेकांशी बोलायला विषय असतो. आजीला विचारल्याशिवाय टेरेसवर काही होत नाही.

आणि बी? पहिल्या वर्षीच्या शेंगांतलं थोडं आम्ही वेलावरच पूर्ण वाळू दिलं. आजीनं त्याचे चार वाटे केले. एक गारगोटीला परत, एक चिखलीतल्या जुन्या शेजारणीला, एक घरमालकांच्या मंडळींना, आणि एक आमच्या डब्यात, राखेत.

तर तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. सहा बादल्या नंतर आणा. आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला फोन करा किंवा शेजारी जाऊन बसा, आणि विचारा, "तुमच्या परसात काय काय होतं?" आणि त्यातलं एखादं बी अजून कुणाकडं आहे का, तेही विचारा. उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. मोबाईल आहेच की हातात.

पुढच्या भागात ओल्या कचऱ्याचं खत, वास न येता कसं करायचं, ते बघू. तोवर मातीत हात घाला, नखांत माती गेली तर जाऊ दे.

येतो मंडळी. काळजी घ्या.